टिल्लूकाकांचा शर्यतीचा गिअरबॉक्स

मागच्या फळीवर ‘७०’ असा गोल स्टिकर असलेल्या, म्हणजे ताशी सत्तरच्या पुढे जायला कायद्यानेच बंदी असलेल्या मालवाहू पिकअपला शर्यतीचा गिअरबॉक्स बसवणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये, बरोब्बर वरच्या मजल्यावर. नाव सदानंद टिल्लू. उंची आडनावाला साजेशी. पिकअपमध्ये चढताना काका आधी दार उघडतात, मग पायरीवर पाय ठेवतात, मग वरच्या कडीला लोंबकळतात आणि आत दिसेनासे होतात. समोरून बघणाऱ्याला गाडी आपोआप चालल्यासारखी वाटते.

काका मूळचे चिंचवडच्या एका गिअर कारखान्यातले. तिथे त्यांनी उमेदीची वर्षं गिअर डिझाइन करण्यात घालवली आणि मग इथल्या एका कंपनीत आले. ‘‘इथे गिअर फक्त स्क्रीनवर दिसतो हो,’’ असं ते सांगतात, ‘‘हाताला तेल म्हणून लागत नाही.’’ त्या न लागलेल्या तेलाचा सूड ते आमच्यावर उगवतात. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गिअरच्या भाषेतच समजते. आमचा मुलगा पहिलं पाऊल टाकताना धपकन बसला, तेव्हा काका म्हणाले, ‘‘क्लच लवकर सोडला.’’ माझं आणि केतकीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कडाक्याचं भांडण झालं होतं. लिफ्टमध्ये काकांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि निदान केलं, ‘‘दात जुळतायत तुमचे. तेल कमी पडतंय.’’ भांडण राहिलं बाजूला, केतकी दोन दिवस काकांवरच रुसली होती.

बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि बसला जरा हिसका बसला की ‘‘आई गं!’’ करून स्वतःच कळवळतात. एकदा सेरंगूनला एका चिनी आजीने घाबरून त्यांना स्वतःची सीट दिली होती. काकांनी ती घेतली आणि तिला गिअरबॉक्सला काय होतंय ते सविस्तर समजावून सांगितलं. आजी पुढच्याच स्टॉपवर उतरली.

आता अशा माणसाकडे पिकअप आली कशी? तर शुभदाकाकूंमुळे. काकूंचा फराळाचा धंदा आहे. इथे मालवाहू गाडी धंद्यासाठीच घेता येते, म्हणून कागदोपत्री ही गाडी चकली-चिवड्याची. पण काकांनी चकली-चिवड्यासाठी निवडली ती तीन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन असलेली डबल-कॅब पिकअप, आणि वर त्या इंजिनाची ताकद आणखी वाढवून घेतली. चिवडा असा किती जड असतो हो? मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘भाजणीची पोती विसरलात वाटतं.’’

शुभदाकाकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. उंच, शांत आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी मेलबर्नला गेल्यापासून तर त्या फारच गप्प झाल्या होत्या. दार उघडायच्या, डबा हातात द्यायच्या, ‘‘गरम आहे’’ म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. घरातून आवाज यायचा तो फक्त काकांचा.

दिवाळी जवळ आली होती. एका संध्याकाळी केतकी वरून करंज्या घेऊन आली ती चेहरा पाडूनच.

‘‘काकू पुण्याला चालल्यायत. दिवाळी झाली की.’’

‘‘बरंय की. सुट्टीला ना?’’

‘‘कायमच्या! म्हणाल्या, ‘इथे मी करते काय, तर चकल्या. तिथे निदान बहीण तरी आहे बोलायला.’’’

‘‘आणि काका?’’

‘‘त्यांची नोकरी आहे ना इथे. ते राहणार. एकटे.’’ तिने करंज्यांचा डबा ओट्यावर आपटला. ‘‘आणि तुला माहितीये, बायको सोडून चाललीय तर हा माणूस काय करतोय? थायलंडहून गिअरबॉक्स मागवलाय त्याने! शर्यतीचा!’’

मला खोटंच वाटलं. पण खरं होतं. थायलंडमध्ये डिझेल पिकअपच्या शर्यती लावायचं वेड आहे म्हणे. तिथल्या कुणा निवृत्त शर्यतबाजाने आपल्या गाडीतून काढलेला तो गिअरबॉक्स होता. परवानग्या, तपासण्या, सगळं रीतसर. काका बेकायदा शिंकतसुद्धा नाहीत. पण फराळाच्या ऑर्डरी डोक्यावर, बायकोची बॅग अर्धी भरलेली आणि गाडी पोट फाडून गॅरेजात! केतकीने मला फर्मान काढलं, ‘‘जा आणि त्या माणसाच्या डोक्यात थोडा प्रकाश पाड.’’ म्हणून शनिवारी सकाळी मी गॅरेजात गेलो. प्रकाश पाडलाही. काकांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि गाडीखाली धरायला लावला.

गॅरेज होतं लिम अंकलचं. काळ्या तेलाने माखलेली बनियन, तोंडात टूथपिक आणि चेहऱ्यावर जगाबद्दल कायमचा संशय. ‘‘धिस वन रेसिंग गिअर,’’ ते मला म्हणाले, ‘‘युअर अंकल सेल मुरुक्कू. व्हाय नीड?’’ चकलीला इथे मुरुक्कू म्हणतात. मी खांदे उडवले.

नव्या गिअरबॉक्सचं आणि गाडीचं एका गोष्टीवर एकमत असेल तर शपथ. इंजिनाची भोकं इकडे, गिअरबॉक्सची तिकडे. म्हणून मध्ये बसवायला एक जाड पोलादी प्लेट घडवून घेतली. त्यामुळे गिअरबॉक्स मागे सरकला, मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांब पडला, तो कापून आखूड केला. गिअरचा लिव्हर जिथून वर आला तिथे भोकच नव्हतं, मग गाडीचा तळ कापला. एवढं करून लिव्हर आला तो ड्रायव्हरपासून लांब, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या अगदी गुडघ्याशी. दर अडचणीला लिम अंकल ‘‘कॅनॉट लाह!’’ म्हणायचे, काका ‘‘कॅन, कॅन!’’ म्हणायचे आणि मग दोघं मिळून ते करायचे.

‘‘याचे दात बघा,’’ काका मला म्हणाले. ‘‘रोजच्या गाडीत दात तिरके असतात, म्हणून गाडी गप्प चालते. हे सरळ आहेत. मजबूत, पण बोंबलणार. तिसऱ्यात तर नुसता टाहो फोडेल!’’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला प्रकाश पाडण्याची आठवण झाली.

‘‘काका, गाडी गप्प चालत होती तेच बरं नव्हतं का? काकूंचं चित्त ठिकाणावर नाही, आणि तुम्ही...’’

तेवढ्यात लिम अंकल ओरडले. त्यांनी गाडी जॅकवर चढवून चाकं हवेत फिरवून बघितली होती. ‘‘थर्ड गिअर साउंड नो गुड! यू पुट राँग वॉशर!’’

‘‘इट्स ओके. लीव्ह इट,’’ काका म्हणाले.

‘‘नॉट ओके! ओपन अगेन!’’

‘‘लीव्ह इट लाह!’’ टिल्लूकाका चक्क ओरडले. लिम अंकलनी टूथपिक काढली, काकांकडे पाहिलं, परत तोंडात घातली आणि कॉफी आणायला निघून गेले.

मी थक्क झालो. गिअरच्या नुसत्या कुरकुरीने बसमध्ये कळवळणारा हा माणूस, आणि स्वतःच्या गिअरबॉक्समध्ये चुकीचा वॉशर ठेवतो?

काका एका जुन्या टायरवर बसले. ‘‘शुभा आमच्या कारखान्यात काय करायची माहितीये?’’

‘‘ऑफिसात होत्या ना?’’

‘‘ऑफिसात कसली! आवाजाच्या खोलीत होती. प्रत्येक गिअरची जोडी तिच्यापुढे फिरायची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाला. ती ऐकणार आणि खडूने फुली मारणार. रिजेक्ट! मशीनं होती हो मोजायला, पण मशीनने पास केलेलं ती नापास करायची, आणि नंतर उघडून बघितलं की तीच खरी निघायची. मी डिझाइन केलेला गिअर तीनदा परत पाठवला. मी असा भडकलो! चौथ्यांदा स्वतः घेऊन गेलो. तिने ऐकलं आणि म्हणाली, चांगला आहे, न्या. आता आली का पंचाईत? परत तिच्यापुढे जायला कारणच उरलं नाही. मग पाचवा मी मुद्दाम बिघडवून नेला.’’

मी हसलो. काका हसले नाहीत.

‘‘माझ्यासाठी सोडली तिने ती नोकरी. इथे आलो, सगळं गुळगुळीत. गाड्या गप्प, ट्रेन गप्प, लिफ्टसुद्धा गप्प. तिच्या कानाला इथे कामच नाही. जाऊ नकोस असं म्हणायला मला तोंड आहे का? म्हटलं, निदान तिला ऐकायला काहीतरी द्यावं.’’ मग त्यांनी फडक्याने हात खसाखसा पुसले. ‘‘ती गेली तर मला नाही जमणार हो. मला साधा भातही नीट येत नाही.’’

घरी जाऊन मी केतकीला हे सांगितलं. त्या रात्री तिच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

गाडी ब्लॉकच्या पार्किंगमध्ये आली ती किंचाळतच. खालच्या मजल्यावरच्या आंटीने लिफ्ट बिघडल्याची तक्रार केली. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला उचलून घरात पळाले. काका खाली उभे राहून वरच्या खिडकीकडे बघत होते. खिडकी उघडली नाही. रात्री त्यांनी न राहवून विचारलं म्हणे, ‘‘कशी वाटते गाडी?’’ काकू लाडू वळता वळता म्हणाल्या, ‘‘बरी आहे.’’ काका दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला भेटले तेव्हा गिअरबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

फराळ पोहोचवायच्या दिवशी काकांनी शेवटचा डाव टाकला. कुणाला किती चकल्या हे आपल्याला आठवतच नाही, असं सांगून त्यांनी काकूंना शेजारच्या सीटवर बसवलं. मला मागे, मांडीवर अनारशांचे डबे आणि शेजारी काकूंची डाव-झाऱ्यांची पिशवी देऊन.

शर्यतीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर वेगासाठी असतो, ओढीसाठी नाही. गाडी जागची हलायला तयार नाही. सेरंगूनच्या मॉलसमोर सिग्नलला ती तीनदा बंद पडली. मागून हॉर्न, आत चकल्यांचा खडखडाट, आणि काका घामाघूम. मग आम्ही जुरोंग ईस्टकडे जाणाऱ्या एक्सप्रेसवेला लागलो. काकांनी गाडी तिसऱ्यात घातली आणि तिसऱ्यातच ठेवली. काय ते किंचाळणं! माझ्या दाढा हुळहुळायला लागल्या. शेजारून भाजीचा टेम्पो पुढे गेला, मग सिमेंटचा मिक्सर पुढे गेला.

‘‘काका, वरचा टाका ना!’’

‘‘टाकतो हो,’’ म्हणाले आणि टाकला नाही. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. ते रस्त्याकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघत होते. काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. जुरोंग ईस्टच्या पाट्या दिसायला लागल्या. काकांनी एक मोठा सुस्कारा सोडला, चौथा टाकला, पाचवा टाकला. संपलं, असं मला वाटलं.

काकूंनी मागे हात केला. ‘‘झारा दे रे त्या पिशवीतला.’’

मी झारा दिला. काकूंनी त्याचा दांडा लिव्हरच्या बुडाशी टेकवला, पुढे वाकल्या आणि झाऱ्याचा पसरट भाग कानाला लावला. ‘‘अहो, परत तिसऱ्यात घ्या. हं, ओढा. आता पाय उचला. परत ओढा. चौथा. असे काय दचकवताय, नीट टाका! पाचवा. सावकाश.’’ गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांची सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती. जुरोंग ईस्टला ज्यांना चिवडा द्यायचा होता त्या कुलकर्ण्यांच्या ब्लॉकवरून आम्ही गेलो, पुढे वळून परत त्याच ब्लॉकवरून गेलो. कुलकर्ण्यांचा मला फोन आला, चिवडा कुठाय? मी म्हटलं, वाटेत आहे. बाल्कनीतून त्यांना आम्ही दिसत होतो.

सिग्नल लाल झाला. काकूंनी झारा खाली ठेवला आणि पदराने कान पुसला.

‘‘तिसरा रिजेक्ट. वॉशर चुकीचा आहे, आणि तो तुम्ही मुद्दाम घातलाय. इतकी ढोबळ चूक तुमच्या हातून राहायची नाही.’’

काका चोरी पकडली गेल्यासारखे स्टिअरिंगकडे बघत राहिले.

‘‘पण पाचव्यातलं काय?’’ काकू म्हणाल्या.

‘‘पाचव्यात? पाचव्यात काही नाही.’’ काका दुखावले. ‘‘पाचवा मी स्वतः बसवलाय.’’

‘‘म्हणूनच. एक दात दुखावलाय. थांबून थांबून टोचतोय. तुम्हाला नाही ऐकू यायचं.’’

‘‘शक्यच नाही!’’

‘‘आहे म्हणतेय ना मी. दिवाळी होऊ दे, मग उघडू. आणि एकदा उघडून भागायचं नाही, आधीच सांगून ठेवते. महिने जातील याला ताळ्यावर आणायला.’’

‘‘उघडू?’’ काकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. ‘‘म्हणजे... आपण?’’

‘‘मग काय तो लिम उघडणार? त्याला ऐकू येतं का?’’

सिग्नल हिरवा झाला. मागून पहिला हॉर्न वाजला, दुसरा वाजला. काकांनी चष्मा काढला होता आणि तो शर्टाला पुसत बसले होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

‘‘क्लच दाबा,’’ काकू म्हणाल्या, आणि गुडघ्याशी आलेला तो लिव्हर त्यांनी स्वतःच्या हाताने पहिल्यात टाकला.