रुमालाखालचे गुण

हसनाबादेत कुणी नवी वस्तू घरी आणली, की तिचा पहिला विचार गुणाच्या अंगाने होत नाही, भावाच्या अंगाने होतो. पंखा असो, चप्पल असो की नवा जावई, प्रश्न एकच : "केवढ्याला पडलं?" आणि उत्तर काहीही मिळो, ऐकणारा डोळे बारीक करून म्हणतो, "फसलास." एवढं म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही.

अशा गावात गोरक्षनाथ व्हिडिओ गेमची परीक्षणं करीत असे. दिवसा तो नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात बसे आणि संध्याकाळी घरी येऊन यूट्यूबवरच्या आपल्या चॅनेलवर, कोणता गेम कसा आहे हे सांगून, दहापैकी गुण देई. त्याचा एक नेम होता. गुण खेळाला द्यायचे, खिशाला नाही. खिसा ज्याचा त्याला ठाऊक. हा नेम त्याने इतक्या निष्ठेने पाळला, की त्याला आजवर कुणी शिवीसुद्धा दिली नव्हती.

माशी शिंकली ती एका परदेशी गेमपाशी. किंमत साडेचार हजार. गोरक्षनाथाने दिवाळीच्या बोनसातून तो घेतला, मनापासून खेळला आणि नऊ गुण दिले. व्हिडिओखाली, एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात कामाला असलेल्या संघपालने लिहिलं, "भाऊ, साडेचार हजारात करडू येतं. करडाला किती देशीन?"

या प्रश्नाला जेवढे अंगठे मिळाले तेवढे खुद्द परीक्षणाला मिळाले नव्हते. गोरक्षनाथाचे वडील धुळाजी यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांनीही पोराला झोडपून घेतलं. "बराबर बोलला गडी. वर्षात करडाचं बकरं होतं. तुझ्या गेमचं काय होतं?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं तो समिती नेमतो. राधेश्याम शेटच्या बी-बियाण्याच्या दुकानात, खताच्या पोत्यांवर बसून 'व्हिडिओ खेळ गुणदान मूल्यसुधार समिती (तात्पुरती)' स्थापन झाली. अध्यक्ष राधेश्याम शेट, कारण पोती त्यांची होती. सदस्य संघपाल, कारण प्रश्न त्याचा होता. समितीने पहिल्याच बैठकीत ठराव केला, की यापुढे किमतीच्या दर हजारामागे एक गुण कापण्यात यावा.

यात तत्त्वतः काही चूक नव्हती. पण संघपालच्या मेव्हण्याला तोच गेम सेलमध्ये अर्ध्या भावात मिळाला होता आणि मेव्हण्याच्या दोस्ताने तो पेनड्राइव्हमधून देवाच्या कृपेने मिळवला होता. एका गेमचे तीन भाव, तेव्हा गुणही तीन. शिवाय हजार रुपये कुणाला जड, कुणाला हलके. म्हणून समितीने रेशन कार्डाच्या रंगाप्रमाणे गुण लावले : पिवळ्याला दोन, केशरीला चार, पांढऱ्याला सहा. गुण पाहण्यासाठी प्रेक्षकाने कार्डाचा फोटो जोडणे बंधनकारक करण्यात आले.

त्यावर पिवळ्या कार्डवाले खवळले. "गरिबाला दोनच काहून? धान्यात मारता, आता गुणातबी मारून राह्यले?"

तोडगा धुळाजींनी काढला. "बैलबाजारात कसा सौदा होतो? रुमाल टाकायचा, खाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची. ज्याचा भाव त्याला कळतो, शेजारच्याला न्हाई. मंग भांडण कशाचं?"

झालं. आठवडी बाजारात लिंबाखाली गोरक्षनाथ रुमाल घेऊन बसू लागला. माणसं यायची, गेमचं नाव सांगायची, रुमालाखाली बोटं दाबायची. हा तीन बोटं दाबे, तो पाच मागे, शेवटी चारवर सौदा पटे. गेम काय आहे, हे कुणी विचारीत नसे. दोघातिघांना तर तो मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर खेळतात हेही ठाऊक नव्हतं. पण गुण घासाघीस करून मिळवले म्हटल्यावर माणूस समाधानाने भजी खायला जाई. या रुमालाच्या व्हिडिओंवर चॅनेल कधी नव्हे ते भरभराटीला आलं आणि गोरक्षनाथाला आपला जुना नेम आठवेनासा झाला.

अशात नवीन जालन्याहून दीपमाला आली. रिक्षावाल्याची मुलगी. तिने एकटीने गेम बनवला होता. त्यात अंधार पडता पडता एक पोरगी मेंढरं घेऊन घराकडे निघते. कळप दिसत नाही, फक्त घुंगरांच्या आवाजावरून कोणतं मेंढरू कुठे चुकलं ते ओळखायचं. किंमत नव्याण्णव रुपये.

"गोरक्षदादा, एक व्हिडिओ टाका," ती म्हणाली. "घरच्यांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. चालला तर दुसरा बनवीन. न्हाई तर बियाण्याची पाकिटं भरायला जा म्हणतेत."

गोरक्षनाथाने गेम घेतला आणि त्या रविवारी जेवण विसरला. धुळाजी मागे येऊन उभे राहिले, मग बसले, मग त्यांनी मोबाईल हातातून ओढूनच घेतला. "आरं, काळी डावीकडं राह्यली! घुंगरू ऐकू येईना का तुला, बहिऱ्या?" शेवटचं मेंढरू घरी आलं तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. गोरक्षनाथाला फार आनंद झाला. नऊ, त्याने ठरवलं. सरळ, उघड, सगळ्यांना नऊ.

पण उघड गुण देण्याचा अधिकार आता त्याच्याकडे नव्हता. समिती बसली.

"नव्याण्णव?" संघपाल म्हणाला. "परदेशी साडेचार हजाराचा, आन् ह्यो शंभराच्या आत? असंल काय त्यात?"

"तुम्ही खेळून तर बघा," गोरक्षनाथ म्हणाला.

"खेळायला घ्यावा लागंल ना. आन् आपल्याच भागातली पोरगी, तिला पैसे कायचे द्यायचे?"

समितीने चार गुण दिले. दीपमालाने हिंमत करून गेम फुकट केला. तशी समिती आणखी सावध झाली. फुकट कोण देतं? ज्याला बँक खातं साफ करायचं असतं तो. गुण, एक. गोरक्षनाथाच्या मनात आलं, की समितीच्या तोंडावर नऊ गुणांचा व्हिडिओ फेकावा. पण चॅनेलचे नवे प्रेक्षक सारे रुमालाचे होते, आणि ते गेले तर आपली वाहवाही जाईल, या भीतीने त्याने तो टाकलाच नाही.

शेवटी राधेश्याम शेटनी धंद्यातलं गुपित सांगितलं. "पोरी, भाव वाढव. स्वस्त बियाणं उगवलं तर माणूस म्हणतो, औंदा पाऊस बरा झाला. महाग न्हाई उगवलं तर म्हणतो, आपलीच मशागत कमी पडली."

दीपमालाने किंमत पाच हजार केली. समितीने दहापैकी दहा गुण एकमताने दिले; हजारामागे एक कापायचा ठराव कुणालाही आठवला नाही. आपल्या जिल्ह्यात पाच हजारांचा गेम होतो, या अभिमानाने गावाची छाती फुगली. ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. शाल, नारळ, तिघांची भाषणं. या भावाला विक्री शून्य.

गोरक्षनाथाला राहवलं नाही. त्याने माईक घेतला. "ह्यो गेम खेळला कुणी? एकानं तरी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. मग मागून संघपालने विचारलं, "तू केवढ्याला घेतल्ता?"

"नव्याण्णवला."

"पाच हजाराचा माल नव्याण्णवला!" मांडव टाळ्यांनी दणाणला. गोरक्षनाथाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'फसलास' म्हणालं नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्या गडबडीत दीपमाला एकटीच खुर्चीवर राहिली.

धुळाजी काठी टेकत तिच्याजवळ गेले. तिच्या हातावरची शाल त्यांनी जरा ओढली, शालीखाली तिचा हात धरला आणि आधी पाच बोटं दाबली, मग चार. "उघड्यावर सांगायची सोय न्हाई राह्यली, माय," ते म्हणाले. "काळी बाकी लई हुशार मेंढी बनवलीस."

उन्हाळा लागताच दीपमाला पाकिटं भरायला गेली. पाकिटावर भाव छापायचं मशीन तिच्याकडेच आहे, आणि ती तो मोठ्या टायपात छापते.

तर वाचकहो, गोष्ट दहापैकी किती, ते सांगा. आणि हो, पुस्तक पालथं घालून मागची किंमत बघू नका.

बघितलीत ना?