यादीत नसलेल्यांच्या कुमुदताई

कुमुदताईंना लग्नाचा अल्बम दाखवण्याची चूक मी एकदाच केली. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न नाशिकला झालं होतं, त्याचे एकशे बारा फोटो. बायका अशा वेळी साड्या बघतात, दागिने बघतात. ताईंनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "यात कोण नाही?"

"सगळे आहेत की," मी म्हटलं.

"मुलीची धाकटी काकू नाही. तुम्ही मागे दाखवलेल्या साखरपुड्याच्या फोटोत होती."

ती काकू खरंच आली नव्हती. घरात अबोला होता आणि तो आम्ही अख्ख्या नात्यागोत्यापासून झाकून ठेवला होता. इकडे कतारला, दोह्यात बसलेल्या एका परक्या बाईनं तो चार मिनिटांत शोधून काढला.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात होतो, एका परदेशी विद्यापीठाच्या दोह्यातल्या शाखेत. मी खोल्यांची नोंद ठेवायची: कुठली खोली, खुर्च्या किती, कुणाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. ताई विद्यार्थी विभागात. वय छप्पन्न, उंच बांधा, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, लग्न केलेलं नाही. नऊ वर्षं शेजारशेजारच्या केबिनमध्ये काढून आम्ही एकमेकींना 'अहो-जाहो'च करत होतो.

कुठलीही यादी लागली की बाकीचे आपलं नाव शोधत. ताई गेल्या वर्षीची यादी शेजारी धरून कोण गळलं ते बघत. वर्ल्ड कपला तेव्हा तीनेक वर्षं होती. शहर असं खणलेलं की काल डावीकडे वळलेला रस्ता आज जागेवर नसे. डीनसाहेबांना फुटबॉलचं भारी वेड. एकदा मीटिंगच्या सुरुवातीलाच ते म्हणाले, "बत्तीस देश इथं येणार, बत्तीस!"

"आणि बाकीचे दीडशेच्या वर?" ताईंनी विचारलं.

"ते टीव्हीवर बघतील."

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. डीनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिथं चार दिवे होते, पैकी एक बंद.

त्याच मीटिंगचा विषय होता मुलींचं दुसरं मंडळ. अमेरिकेतल्या कॉलेजांत सोरोरिटी, म्हणजे निवडून घेतलेल्या मुलींचं मंडळ असतं, त्याचं रोपटं आमच्याकडेही आलं होतं. पार्ट्या वगैरे इथं शक्य नाहीत, त्यामुळे उरली होती एक खोली, एक फलक, दप्तराला लावायची एक निळी फीत आणि 'सिस्टर्स' हे नाव. दर वर्षी जुन्या सिस्टर्स मतदान करून नव्या घेत. त्या वर्षी सेहेचाळीस मुलींनी अर्ज केले आणि वीस जणी घेतल्या. उरलेल्या सव्वीस जणींनी अर्ज दिला की आम्हाला आमचं वेगळं मंडळ काढू द्या. आम्ही मतदान करणार नाही, सगळ्यांना घेऊ, असंही त्यात लिहिलं होतं.

बाहेर राहिलेल्यांसाठी ताईच भांडतील असं सगळ्यांना वाटलं. ताई म्हणाल्या, "माझा विरोध आहे."

मला रागच आला. म्हटलं, "अहो, सव्वीस मुली बाहेर आहेत!"

"सव्वीस बाहेर आहेत म्हणजे कुणीच बाहेर नाही, शुभांगीबाई. कॅन्टीनमध्ये चार टेबलं जोडून बसतात. निळ्या फितीला नावं ठेवतात. छान चाललंय त्यांचं. काही करायचंच असेल, तर ते पहिलं मंडळ बंद करा."

पहिलं बंद होणार नव्हतं. त्याचे फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात होते.

डीनसाहेबांनी मला खोली विचारली. दुसऱ्या मजल्यावरची एक रिकामी होती. अग्निसुरक्षेच्या दाखल्यावर तिची मर्यादा पंचवीस माणसं.

"सव्वीस नाही बसणार?" त्यांनी विचारलं.

"दाखल्यावर पंचवीस आहे," मी सांगितलं. मी आयुष्यात कधी दाखल्याबाहेर खुर्ची ठेवलेली नाही. "सव्वीसपैकी पंचवीस म्हणजे शहाण्णव टक्के. एकच उरेल."

ताई माझ्याकडे वळल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "एक उरेल हे तुम्ही बेरीज चुकली नाही अशा सुरात सांगताय."

मंजुरी मिळाली. माझंही मत बाजूनं होतं. मुलींनी आधी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. मग कुणीतरी म्हणालं की चिठ्ठीचा काय भरवसा, आपलं जमलं पाहिजे ना एकमेकींशी. मग त्यांनी मतदान केलं. ज्यांना आठवड्यापूर्वी मतदान करून नाकारलं होतं, त्यांनी. त्यांची फीत हिरवी होती.

उरली मृणाल. सिन्नरची. शिष्यवृत्तीवर आलेली, वसतिगृहात एकटी राहणारी. अभ्यासात पहिल्या पाचांत, पण इंग्रजी बोलताना वाक्य मनात जुळवून घ्यायची, तोवर बोलणं पुढं गेलेलं असायचं. तिच्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती. कुणाला ती आठवलीच नव्हती, एवढंच. कॅन्टीनमधली ती जोडलेली चार टेबलं आता सुटी झाली होती. ती जिन्यात बसून डबा खायला लागली आणि पंधरवड्यात ताईंच्या खिडकीशी आली.

"मॅडम, कॉलेज सोडायचा फॉर्म पाहिजे."

"फॉर्म संपलेत," ताई म्हणाल्या.

फॉर्म कॉम्प्युटरवर असतो. तो कसा संपेल? पण मृणाल सरळ पोर, गेली परत. दुसऱ्या दिवशी प्रिंटर बिघडला होता. तिसऱ्या दिवशी साहेबांची सही नव्हती. मग शाई नव्हती. अकरा दिवस ताईंनी त्या एका फॉर्मवर इतक्या थापा मारल्या की आमच्या ऑफिसात काहीच धड चालत नाही अशी त्या पोरीची खात्री पटली असेल. रोज खिडकीशी थांबवून घ्यायच्या. "आलीच आहेस तर बस जरा. सिन्नरला आता थंडी पडली असेल, नाही?" नाही तर, "तुझी आई शेंगोळे करते का गं? लसूण किती घालते?" पोरगी आधी हो-नाही करायची. नवव्या दिवशी तिचं हसणं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

बाराव्या दिवशी ताई माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"तुमच्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ आहे ना शुक्रवारी? हिला घेऊन जा. एकदा आपल्या माणसांत चारचौघींत बसली तर टिकेल. नाही तर मी किती दिवस शाई संपवू?"

मंडळाच्या सभासदांची नोंदवही माझ्याकडेच असते. मी म्हटलं, "ताई, सभासदत्व कुटुंबाला असतं. एकट्या माणसाला आपण..."

"माहीत आहे मला. मी भरला होता फॉर्म, दोह्यात आले त्या वर्षी."

"मग?"

"मग काही नाही," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

घरी जाऊन मी जुन्या फायली काढल्या. मी कागद टाकत नाही. तिसऱ्या फायलीत फॉर्म सापडला. कुमुदताईंचं वळणदार अक्षर. शिक्षण, नोकरी, मूळ गाव, सगळं व्यवस्थित. 'पतीचे नाव' या रकान्यात एक आडवी रेघ. 'अपत्ये', आडवी रेघ. 'कार्यक्रमात काय करू शकाल?' यापुढे लिहिलं होतं: 'नाट्यगीतं म्हणते. खुर्च्याही मांडीन.' आणि सगळ्या फॉर्मवर तिरकं, लाल शाईनं, 'अपूर्ण. परत.' अक्षर माझं. परत पाठवायचंही राहून गेलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी मी कॉलेजात लागले, ताईंच्या शेजारी बसले, आणि नऊ वर्षं दर दिवाळीनंतर त्यांना उरलेल्या चकल्या नेऊन देत होते. त्या घेत होत्या. "खुसखुशीत झाल्यात," म्हणत होत्या.

शुक्रवारी दुपारी चारला कार्यक्रम. एका शाळेचा हॉल घेतला होता, आणि दाराशी नोंदवही घेऊन नेहमीप्रमाणे मी. ताईंनी मृणालला गाडीतून आणून सोडलं. मी वहीत आमच्या कुटुंबासमोर चौथं नाव लिहिलं. नातं: भाची. शेजारी माझा मुलगा उभा होता.

"आई, हू इज शी?"

"तुझी बहीण."

"सिन्स व्हेन?"

"आजपासून. तिला आत ने, आणि मराठीत बोल."

तासाभरानं आत डोकावले. मृणाल मुलींच्या घोळक्यात होती, पुढच्या महिन्यातल्या नाटुकल्यात कुणाला काय द्यायचं यावर जोरजोरात वाद चालला होता, आणि त्यात सिन्नरचा आवाज सगळ्यांत वरचा होता. हे ताईंना फोनवर सांगावं म्हणून मी बाहेर आले, तर पार्किंगच्या कडेला त्यांची पांढरी गाडी तिथंच होती. इंजिन चालू, काचा बंद. त्या पुढं बघत बसल्या होत्या.

मी काचेवर टकटक केलं. काच निम्मी खाली आली.

"काय झालं? बोलत नाही का कुणी तिच्याशी?"

"बोलतायत. भांडतेय ती चक्क."

"भांडतेय? वा." त्यांचा चेहरा सैल झाला. "खाल्लं का काही?"

"दोनदा घेतलं." मग मी म्हटलं, "ताई, फॉर्म सापडला मला."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. हॉलमधून माईकची शिट्टी आली आणि पाठोपाठ कुणाचं तरी बेसूर गाणं सुरू झालं. आम्ही दोघींनी ते कडव्याच्या शेवटापर्यंत ऐकलं.

"आत चला ना," मी म्हटलं.

"आता कशाला? गाडीत बरं आहे, एसी आहे." त्या काच वर घ्यायला लागल्या आणि थांबल्या. "तुम्ही दार सोडून कशाला आलात? तिथं उशिरा येणारी माणसं खोळंबली असतील. जा."

काच वर गेली. दाराशी खरंच दोन कुटुंबं थांबली होती, एकूण सात माणसं.

मी गेले.