अध्यक्षांचा अंगठा

कोणत्याही समाजाला नेतृत्व लागतं. ऐकणारे मागाहूनही जमवता येतात.

चंद्रपूर-गडचिरोली हौशी रेडिओ हितरक्षक महासंघात परवानाधारक सभासद अकरा, त्यांपैकी पदाधिकारी दहा. अकरावा मुखरू. तो आरमोरीत धानाची मळणीयंत्रं दुरुस्त करतो. महासंघाला एक तरी साधा सभासद लागतोच, नाहीतर नेतृत्व नेमकं कोणाचं करायचं हा पेच पडतो. म्हणून मुखरूला निवडणुकीत तीनदा एकमताने पाडलं गेलं (त्याने अर्ज भरला नव्हता). त्याची तक्रार नव्हती. यंत्राजवळ कान नेऊन बिघाड ओळखणारा माणूस तो, त्याला ऐकत बसायला आवडायचं.

महासंघाची कार्ये:

१. रेडिओचं महत्त्व शासनाला पटवणे.
२. रेडिओचं महत्त्व जनतेला पटवणे.
४. वरील दोहोंबद्दल दर रविवारी दहा ते बारा अध्यक्ष इसरूभाऊंचं मार्गदर्शन, रेडिओवरून.

(तिसरं कार्य 'रेडिओवर एकमेकांशी बोलणे' असं होतं. चर्चेला वेळ पुरला नाही.)

एकजूट दिसावी म्हणून सर्वांनी एकाच चॅनेलवर राहावं, असा ठराव झाला. आता रेडिओ म्हणजे फोन नव्हे. माईकचं बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकू येतं. एकाने दाबून धरलं तर त्याला कोणाचं ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना त्याच्याशिवाय कोणाचं ऐकू येत नाही. नेतृत्वाला याहून सोयीचं यंत्र अजून निघालेलं नाही. "कोणाची हरकत असल्यास आत्ता सांगावी," असं इसरूभाऊ बटण दाबूनच विचारत आणि न्यायबुद्धीने अर्धा मिनिट वाट पाहत. चार वर्षांतल्या एकूण हरकती: शून्य.

ऑगस्टमध्ये नदी पुलावरून गेली. भामरागडचा रस्ता चार दिवस बंद, तिथला मोबाईलचा टॉवर मुका. त्या रविवारचा विषय समयोचित होता: 'आपत्तीत रेडिओचे स्थान'. दहा चाळीसला इसरूभाऊंना ठसका लागला आणि अंगठा निसटला. त्या तीन सेकंदांत (महासंघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा खंड) मुखरूला भामरागडच्या आरोग्यसेविकेचा, बुधरीचा, आवाज आला. तीही महासंघाची पदाधिकारी होती, संपर्कप्रमुख.

"लच्छूले साप चावला, इथचे इंजेक्शन सरले, कोणी..."

"...म्हणूनच रेडिओ हा प्राणदाता आहे," इसरूभाऊ म्हणाले.

मुखरूने त्यांना फोन लावला. बंद. मार्गदर्शनाच्या वेळी फोन बंद ठेवायचा, हा नियम त्यांचाच. मग त्याने फटफटी काढली. दोन गल्ल्यांचं अंतर. त्याला ते पार वडसा गावाइतकं लांब वाटलं.

"भाऊ, बटन सोडा."

इसरूभाऊंनी डाव्या हाताने थांब अशी खूण केली. उजवा अंगठा जागेवर. पुढचा संवाद त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांनी ऐकला.

"दिसत नाई का तुले? मी बोलून राह्यलो."

"तेच तं. तिकडून बुधरीबाई बोलून राह्यली. माणूस मरून जाईन."

"तिले बारानंतर सांग म्हणा."

"सापानं बारापर्यंत दम नाई धरला नं, भाऊ."

"काऊन, विषयपत्रिकेत हाये का साप?"

मुखरूने विषयपत्रिका पाहिली नाही. त्याने सेटमधून माईकची पिन उपसली. खोलीत बुधरीचा आवाज भरला: लच्छूचं वय, चावा किती वाजताचा, नाव कोणत्या काठाला लावायची. मुखरूने सगळं तळहातावर लिहिलं आणि अहेरीच्या दवाखान्याला फोन केला. बटण न दाबता, नुसतं ऐकून काम झालं, हे महासंघात प्रथमच घडत होतं. इसरूभाऊ मात्र पिन नसलेल्या माईकवर अंगठा दाबून बोलतच होते. त्यांना फरक जाणवला नाही.

दोनच्या आत नावेने इंजेक्शन पोचलं. लच्छू वाचला (इतिवृत्तात नोंद नाही, लच्छू सभासद नाही). नोंद आहे ती अशी: 'मार्गदर्शनात अकरा मिनिटे व्यत्यय. अध्यक्षांनी तशाही स्थितीत भाषण चालू ठेवले, सबब शाल-श्रीफळ.'

मुखरूला नोटीस निघाली. खुलासा त्याने चॅनेलवरून करावा. वेळ, रविवारी दहा ते बारा. खुलासा कोणालाच ऐकू न आल्याने त्याला काढण्यात आलं. आता तो बुधरीशी दुसऱ्या चॅनेलवर बोलतो. तिथे दोघंही आळीपाळीने बटण सोडतात, त्यामुळे त्या बोलण्याला संघटना म्हणता येत नाही.

राहिला प्रश्न रिकाम्या जागेचा. महासंघाला साधा सभासद हवा आहे. पात्रता एवढीच: सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं आणि मध्ये चकार शब्द काढू नये.

आपण इथपर्यंत आलात. आपली निवड एकमताने झाली आहे. परवाना काढायची गरज नाही. तो फक्त बोलायला लागतो.