बारा मिनिटांचे ऊन

तोक्योच्या पश्चिम टोकाला, दोन सायकली जेमतेम समोरासमोर जातील अशा गल्लीत, निवृत्त गणितशिक्षक नेझु तोकुजी आणि त्यांच्या पत्नी फुमिए राहत. शेजारच्या कुवाबारा आजी वारल्या आणि मुलांनी जागा विकली. जिथे एक घर आणि एक संत्र्याचे झाड मावत होते, तिथे तीन तिमजली घरे मावतात असे कंपनीच्या लक्षात आले.

प्रथम कंपनीचे समन्वय अधिकारी अंझाई आले. कमरेत काटकोन करून त्यांनी होणाऱ्या त्रासाबद्दल आगाऊ क्षमा मागितली आणि खोक्यात घातलेला टॉवेल दिला. गुन्ह्याआधी कोणी माफी मागण्याची नेझुंना सवय नव्हती. ते भारावून गेले.

मग पाडकाम सुरू झाले. कपाटातल्या बशा आपोआप वाजू लागल्या. कुंपणावर आवाज मोजणारा फलक लावला होता. मर्यादा पंच्याऐंशी, आकडा चौऱ्याऐंशी. नेझुंनी तक्रार केली. अंझाई तासाभरात आले, पुन्हा काटकोनात वाकले आणि दुसऱ्या दिवशी फलक कुंपणावरून काढून गल्लीच्या तोंडाशी लावण्यात आला. आकडा एकाहत्तरवर आला. त्रास एवढ्या तत्परतेने कमी झाल्याबद्दल नेझुंकडून समाधानपत्रही भरून घेण्यात आले.

तिसरा मजला चढला आणि ऊन गेले. हिवाळ्यात व्हरांड्यात बसून गुडघे शेकणे हा फुमिएंचा एकमेव औषधोपचार होता. नेझु पट्टी आणि आलेख घेऊन प्रभाग कार्यालयात गेले. कारकुनाने त्यांच्या आलेखाचे मनापासून कौतुक केले आणि सांगितले की सावलीचा नियम दहा मीटरच्या वर लागू होतो. ही घरे नऊ मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर आहेत.

"म्हणजे सावली पडत नाही?" नेझुंनी विचारले.

"पडते ना. पण नियमात बसत नाही, त्यामुळे आम्हाला ती धरता येत नाही."

घरी येऊन त्यांनी हे सांगितले, तेव्हा फुमिए म्हणाल्या, "अहो, हे माझ्या गुडघ्यांना समजावून सांगा. ते कधी शाळेत गेले नाहीत."

कंपनीने मात्र हात झटकले नाहीत. अंझाईंनी छापील वेळापत्रक आणले. दोन घरांमधल्या हातभर फटीतून अकरा चाळीस ते अकरा बावन्न ऊन येणार होते. फुमिए रोज स्टूल घेऊन फटीपाशी बसू लागल्या. पलीकडच्या होरिएबाईंनी आपल्या गादीसाठी उन्हात वाटा मागितला. कंपनीने नियोजन केले: सम तारखांना गुडघे, विषम तारखांना गादी.

वसंतात नव्या तीन घरांपैकी मधल्या घरात साकाकी रिना नावाची तरुणी नवऱ्यासह राहायला आली. अकराव्या दिवशी ती हातात अर्ज घेऊन नेझुंच्या दारात उभी राहिली. समोरच्या दंतवैद्याचे घर विकले गेले होते. तिथे चार घरे होणार आणि तिच्या गॅलरीतले ऊन जाणार होते.

"नेझुसान, या गल्लीचं जुनं रूप आपणच जपायला हवं," ती कळवळून म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

नेझुंना हसू फुटणार होते. वर्षभर साठवलेले एक झणझणीत वाक्य त्यांच्या जिभेवर आले. तेवढ्यात मागून फुमिए हळू आवाजात म्हणाल्या, "आपण हे घर बांधलं तेव्हा मागचे ओकाबे आले होते, आठवतं? मुळ्याची जुडी घेऊन."

"स्वागताला आले होते."

"दुसऱ्या हातात कागद होता हो. त्यांच्या रोपांवर आपली सावली पडत होती. आपण मुळे घेतले आणि दार लावलं."

झणझणीत वाक्य गिळून नेझुंनी रिनाकडून पेन घेतले आणि सही केली. सहीपुढे एक रकाना होता: 'येथे कधीपासून राहता?' नेझुंनी पत्नीकडे न बघता लिहिले, 'सुरुवातीपासून.'

वरच्या सव्वीस जणांनीही तेच लिहिले होते. अर्ज अजून फिरतो आहे. आपल्या दारी आला तर रकाना रिकामा सोडू नये. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे.