यमुनेवर कोचीची रंगीत तालीम

"बरोबर चार वाजता दार बंद. त्यानंतर कोणीही आलं तरी उघडायचं नाही," विनायकराव देवधरांनी सुनेला बजावलं. वृंदाने मान डोलावली. आज तिची नेमणूक जहाजाचा कप्तान म्हणून झाली होती, आणि दिल्लीतल्या मुनिरक्याचा त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हे जहाज होतं.

प्रकरण असं होतं. पुढच्या महिन्यात विनायकराव आणि चंद्रप्रभाबाई मुंबईहून क्रूझवर निघणार होते. जहाज कोचीला सहा तास थांबणार होतं, आणि कंपनीची एसी गाडी सोडून साध्या बसने आणि लाँचने कोची बघायची असा चंद्रप्रभाबाईंचा हट्ट होता. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या बाईला चार लोकांबरोबर बोटीत बसून खाऱ्या पाण्यावरून पलीकडे जायचं होतं, एवढंच. विनायकरावांना मात्र एकच दृश्य दिसत होतं: आपण धक्क्यावर आणि जहाज समुद्रात. तेव्हा मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने जे करावं तेच त्यांनी केलं. मॉक ड्रिल ठेवली. काश्मिरी गेटपर्यंत बस, यमुनेत नाव, पलीकडचा काठ म्हणजे फोर्ट कोची, आणि चारच्या आत घरी. जो वेळेत पोचेल तो कोचीला उतरेल, जो राहील तो डेकवर सरबत पीत बसेल. मोबाइल घरी ठेवायचे, कारण समुद्रात रेंज नसते. मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबायचं नाही.

"अहो, पण आपण नवरा-बायको आहोत," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"जहाज ते बघत नाही."

दहा वाजता दोघं निघाले. पहिली बस विनायकरावांनी सोडली, कारण चौकशी पूर्ण झाली नव्हती. त्यांनी स्टॉपवरच्या तिघांना विचारलं. दिल्लीत रस्ता माहीत नाही असं कोणी कबूल करत नाही, त्यामुळे तीन उत्तरं आली. त्यांचा ताळमेळ बसेपर्यंत दुसरी बसही गेली. तिसरीत चंद्रप्रभाबाईंनी त्यांना दंडाला धरून चढवलं.

घाटावर नावाडी निवांत होता. "सवारी भरेगी तब चलेंगे, अंकल." नाव भरेपर्यंत सव्वाबारा झाले. थंडीतले पांढरे पक्षी डोक्यावर कलकलत होते, चंद्रप्रभाबाई त्यांना शेव टाकत होत्या आणि कॉलेजातल्या मुलीसारख्या खिदळत होत्या. नदीच्या मध्यावर नावाडी नाव परत वळवू लागला.

"अरे भाई, उस पार!" विनायकराव ओरडले.

"उस पार क्या है अंकल? कीचड़ है."

"फोर्ट कोची है!"

नावाड्याने चंद्रप्रभाबाईंकडे सहानुभूतीने पाहिलं आणि नाव पलीकडच्या काठाला लावली. "पाँच मिनट, बस."

विनायकराव उतरले, उतरल्याची वेळ वहीत टिपली आणि तिथला बस स्टॉप शोधायला निघाले. त्या काठावर नुसती फ्लॉवरची शेतं होती. स्टॉप कुठून असणार? पण तालीम अर्धवट सोडतील तर ते विनायकराव कसले! बघता बघता ते शेतात दिसेनासे झाले.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. नावाड्याने हाका मारल्या. एका बाळाने भोकाड पसरलं. सगळी नाव चंद्रप्रभाबाईंकडे बघू लागली. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजत आला होता. त्यांनी फ्लॉवरच्या शेतांकडे एकदा निरखून पाहिलं. पण डोळ्यांसमोर कोचीही दिसत होती.

"चलो भैया."

"और अंकल?"

"अंकल का ही रूल है."

विनायकराव परतले तेव्हा नाव नदीच्या मध्यावर पोचली होती. त्यांनी वही हलवली. चंद्रप्रभाबाईंनी हात हलवला.

चिखल तुडवत, लोखंडी पूल गाठून, आणखी तिघांना विचारून ते घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. दार बंद होतं. त्यांनी बेल वाजवली.

"बाबा, सॉरी," आतून वृंदाचा आवाज आला. "जहाज तर गेलं."

"अगं, चलो, पुरे! उघड!"

शेवटी चंद्रप्रभाबाईंनीच दार उघडलं. त्यांचा चेहरा खुलला होता.

"तू कधी आलीस?"

"पावणेचारला. आणि आधी चुकीच्याच बसमध्ये बसले, बरं का! थेट हिंदूराव हॉस्पिटलला गेले. तिथल्या एका नर्सबाईंनी मला बिल्कुल नीट बसमध्ये बसवून दिलं. केरळच्याच निघाल्या. कोचीत काय खायचं तेही सांगितलं."

विनायकराव सोफ्यावर टेकले. निकाल स्पष्ट होता आणि तो त्यांच्याच नियमांनी लागला होता. चुकीची बस पकडणारी बाई वेळेत पोचली होती, आणि बरोबर बस शोधणारा माणूस मागे राहिला होता. वृंदाने पुढे ठेवलेला चहा त्यांनी उचललाही नाही.

"मग तू कोचीला एकटी उतरणार?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उतरेन की."

"मला बरोबर नेशील?"

चंद्रप्रभाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण या माणसाने आदेश सोडून त्यांना काही विचारल्याचं आठवत नव्हतं. हे त्यांना इतकं आवडलं की लगेच हो म्हणून ते संपवायचं जिवावर आलं.

"बघते," त्या म्हणाल्या. "अर्ज करा."

वृंदाला हसू आवरेना. विनायकराव मात्र गंभीरपणे उठले आणि आतून कोरा कागद घेऊन आले.