हैबती कोष्ट्याच्या चार अर्जांची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके सोळाशें त्र्याहत्तर, प्रजापतिनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं, गडाखालील पेठेंत बसोन हा मजकूर लिहिला. बखर लिहावयाची तर कोणी धनी आज्ञा करितात आणि मग लेखक लेखणी उचलतो, ऐसा शिरस्ता आहे. आम्हांस कोणीं आज्ञा केली नाहीं. आमचें वय जाहलें, दांत गेले, आणि एक गोष्ट पोटांत राहिली आहे ती कागदावर घालावी म्हणोन लिहितों. स्वाऱ्यांच्या आणि तख्तांच्या बखरी पुष्कळ जाहल्या. ही एका कोष्ट्याच्या सुटकेची आहे. ज्यांस हत्तीघोडे पाहिजेत त्यांणीं येथेंच पोथी बांधोन ठेवावी.

त्या राज्यांत एक डोंगरी गड होता आणि गडावर बंदीखाना होता. थोरल्या महाराजांनीं नेम करोन ठेविला होता कीं, बंदिवानानें निम्मी शिक्षा नेकीनें भोगिली म्हणजे त्याणें सभेस अर्ज करावा, आणि त्या अर्जाची नक्कल त्याच्या गांवच्या चावडीवर मोठ्यानें वाचावी, कोणाची हरकत असेल तर कळावी, आणि मग सभेनें मनास आणोन त्यास वचनावर सोडावें. सुटल्यावर त्याणें दर महिन्यास हजिरी द्यावी, आगळीक केली तर पुन्हा गड चढावा. नेम फार उत्तम, परंतु तो दफ्तराच्या रुमालांत बांधिलेला होता आणि बंदिवानांस कोणीं सांगितला नव्हता. ज्यास ठाऊक होई तो आम्हांकडे येई, कारण आम्ही अर्ज लिहित असों. आमचा अर्ज एकाच ठशाचा असे: अर्जदार थकला, हात कांपतात, डोळ्यांस दिसत नाहीं, आज मरतो कीं उद्यां, तरी दया व्हावी. आमचा अर्ज ऐकोन दगडास पाझर फुटावा ऐसी ख्याती होती, आणि खरें सांगावें तर ती आम्हींच पसरविली होती.

गडावर हैबती कोष्टी म्हणोन बंदिवान होता. जत्रेंत सुतावरोन भागीदाराशीं भांडण जाहलें, रागाच्या भरांत त्यास ढकलिलें, तो दगडावर पडोन मेला, आणि हैबतीस वीस वर्षें सांगितलीं. दहा भोगिलीं तेव्हां तो दरवाजाशीं आम्हांस म्हणाला, “कारकूनबाबा, आईबाप म्हातारी हायत. त्येस्नी गड चढवत न्हाई. ती हायत तंवर एकडाव भेट व्हावी, दुसरं काय मागनं न्हाई.” आम्हीं अर्ज लिहिला आणि गेला, आणि वर्षानें उत्तर आलें कीं मर्जी नाहीं. मग दुसरा लिहिला, त्यांत आजार वाढविला. मग तिसरा लिहिला, त्यांत माणूस जवळ जवळ मारोनच टाकिला. तिन्ही परत आले. कारण कोणीं लिहिलें नव्हतें आणि विचारावें हें आम्हांस सुचलें नाहीं.

तेसमयीं पायथ्यास सगुणाबाई कासारीण राहत होत्या. त्यांचा नवरा पूर्वीं असाच वचनावर सुटोन आला होता, परंतु पेठेंत कोणीं पडवीसुद्धां दिली नाहीं, काम दिलें नाहीं, तो लाजेनें हजिरीस गेला नाहीं आणि पुन्हा वर जाऊन तेथेंच मेला. त्यावरोन बाईंनीं मनाशीं गांठ मारिली आणि आपलें घर सुटलेल्या माणसांस उघडें ठेविलें. काय तें घर! पडवीस बांगड्यांच्या माळा, मागें चूल, आणि भोंवतीं पांच सात माणसें, एक पाणी भरतो, एक दोर वळतो, एक पाणी पिण्याससुद्धां बाईंची परवानगी मागतो आणि बाई त्यास रागें भरतात. हजिरीचा दिवस आला म्हणजे बाई एकेकास हांका मारोन चावडीस धाडीत. हल्लीं पेठ मोठी जाहली, दुकानें वाढलीं, परंतु तो गलबला नाहीं. आम्हांस त्या पडवीची फार आठवण येते.

बाईंनीं हैबतीची गोष्ट ऐकिली आणि म्हणाल्या, “तीन डाव न्हाई म्हनत्यात तर काय तरी असंल. इचारून येते.” आम्ही हंसलों. सभेस कारण विचारणारी ही कोण? परंतु कासारणीस कोणतें घर बंद असतें? बाई टोपली घेऊन राजधानीस गेल्या, सभेच्या चिटणिसांच्या घरीं बायकांस बांगड्या भरावयास बसल्या, आणि भरतां भरतां गोष्ट काढिली. चिटणीस ओटीवर होते, तेथूनच बोलिले, “बाई, सभा तीन गोष्टी पाहते. केलें तें कबूल आहे काय, राहील कोठें, आणि खाईल काय. तुमच्या अर्जांत तर माणूस आंधळा लिहिला आहे. आंधळ्यास सोडून रस्त्यावर मारावा काय? गडावर निदान भाकर मिळते. सभेस दया आली म्हणूनच ठेविला.”

बाई परत आल्या आणि आम्हांस हातास धरोन दरवाजाशीं नेलें आणि तिसरा अर्ज हैबतीसमोर वाचावयास लाविला. आम्हीं वाचिला. हैबतीनें शेवटपर्यंत ऐकिला आणि पुसिलें, “बिचारा ह्यो कोन? वाचला का मेला?” बाई म्हणाल्या, “तूच हायस त्यो.” हैबती आपल्या हातांकडे पाहत राहिला. गडाच्या सदरेची सतरंजी त्याच हातांनीं विणिलेली होती. आम्हांस तोंड लपवावयास जागा पुरेना.

मग चौथा अर्ज बाईंनीं सांगितला आणि आम्हीं लिहिला, आणि तो आमच्या हयातींत लिहिलेला सर्वांत आंखूड अर्ज होय: माणूस मजकडोन मेला हें कबूल, हातडोळे शाबूत, सतरंजी विणतों, कासारणीचे घरीं राहीन, माग तेथें मांडिला आहे. बाई मेलेल्या भागीदाराच्या बायकोकडेही गेल्या. ती म्हणाली, “सोडा म्हननार न्हाई, सोडू नगा बी म्हननार न्हाई. आमच्या गावच्या बाजाराला त्येनं येऊ नये, येवढंच.” तेंही अक्षरशः लिहिलें. दोन महिन्यांत हुकूम आला कीं सोडावें.

सुटकेच्या दिवशीं सकाळीं आम्ही दरवाजाशीं उभे होतों. बाईंनीं हैबतीच्या आईसाठीं हिरव्या बांगड्या पदरांत आणिल्या होत्या. म्हातारी शेजाऱ्याच्या गाडींतून आली, एकटी, आणि हातांत लांब काठी होती. हैबती बाहेर आला आणि तिणें काठीचें एक टोंक त्याच्यापुढें केलें, आंधळ्यास धरावयास देतात तसें, आणि म्हणाली, “धर बाळा. म्या फुडं चालते.”

“आई, मला दिसतंय.”

“उगा माझं समाधान करू नगंस. डोळं शाबूत हायत म्हनून औंदा चावडीत वाचलं, पर सुटकंसाठी कायबी लिवत्यात. दिसतंय तर सांग, माझ्या हातात काय हाय?”

त्याणें पाहिलें. पुष्कळ वेळ पाहिलें. मग म्हणाला, “काठी हाय. भाकरीचं गठुडं हाय. बांगड्या न्हाईत, आई. आबा कवा गेलं?”

“तुझं डोळं गेल्याचं चावडीत वाचलं, तवाच त्येनी अंथरून धरलं. फुडल्या दिवाळीला गेलं.” मग तिणें त्याच्या पापण्यांवरोन बोटें फिरविलीं आणि पुसिलें, “मंग असं कुनी लिव्हलं, रं?”

हैबतीनें आम्हांकडे पाहिलें. आम्ही चार हातांवर होतों. मग तो म्हणाला, “ठावं न्हाई, आई,” आणि गठुडें उचलिलें. सगुणाबाईंनीं बांगड्या पदराच्या गांठींत परत बांधिल्या.

तात्पर्य इतकेंच. हैबती बारा वर्षें त्या घरीं माग चालवीत राहिला, एक हजिरी चुकली नाहीं, आणि म्हातारी पांच वर्षें त्याजपाशीं सुखानें राहिली. दर सणास ती आम्हांस जेवावयास बोलावी, आणि आम्ही जात असों, आणि ती आग्रह करोन वाढीत असे. तिणें विचारिलें होतें त्याचें उत्तर आम्हीं तिजला दिलें नाहीं. तें आम्हीं लिहिलें होतें.