हेल्मेटातली चुंबळ

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी देवकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खवलेला नारळ, एक पांढरं हेल्मेट आणि दोन व्हिडिओ कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले होते. नारळ देवकीचा, मोदकांसाठी. हेल्मेट तिच्या मुलाचं, गजेंद्रचं. कॅमेरे तिच्या भावाचे. चंद्रमोहनचं जवळच्या फिनिक्स गावात लग्नांचे व्हिडिओ काढायचं दुकान होतं, आणि साल अठ्ठ्याऐंशी असल्यामुळे लग्नांपेक्षा व्हिडिओच जास्त लागत होते.

"हे बघ भाच्या, नीट ऐक," चंद्रमोहनने एकेका कॅमेऱ्यावर हात ठेवला. "हा संसारी. कॅमेरा डोक्यावर, रेकॉर्डर पोटावर, मध्ये वायर. एकाने हाललं की दुसऱ्याला ओढ बसते. आणि हा ब्रह्मचारी. सगळं आपल्या एकट्याच्या डोक्यावर. दोन्ही घालून बघ आणि एक ने. उरलेला मला रविवारी संध्याकाळी हवा, पुढं लग्नं आहेत."

"आणि दोन्ही घालून करू काय? इथं विमान कुठाय?" गजेंद्रने दबक्या आवाजात विचारलं.

"विमान कशाला? घालून गावभर फिर. तुझी मानच सांगेल कुठला ते."

देवकी चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, म्हणून दोघांना वाटलं तिने ऐकलं नाही.

गजेंद्र शेजारच्या रेयुनियों बेटावर एका गराजात मेकॅनिक होता. रविवारी तो तिथल्या पॅराशूट क्लबात जाई. तिथे आपण छत्र्यांच्या घड्या घालतो, असं त्याने घरी लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. घडी घातलेली छत्री पाठीला बांधून आपण तेरा हजार फुटांवरून उडी मारतो, एवढंच लिहायचं राहिलं होतं. दोन वर्षं राहिलं होतं. इकडे घरी, मोंतान्य ब्लांश गावात, देवकी सगळ्यांना सांगे, पोरगा कापडाच्या लायनीत आहे.

आता क्लबात उडी मारता मारता व्हिडिओ काढणारा माणूस लग्न करून फ्रान्सला गेला होता. क्लबाच्या प्रमुखाने सांगितलं होतं, जो स्वतःचा कॅमेरा डोक्यावर घालून येईल आणि न हलणारं चित्र आणील, त्याला जागा. नाहीतर गजेंद्र उरलेला जन्म घड्याच घालणार. सोमवारी परतायचं होतं, आणि परीक्षा त्याच्या पुढच्या रविवारी.

चतुर्थीला सकाळी गजेंद्रने संसारी बांधला. गणपतीची पूजा झाली, आरती झाली, आणि मग देवकी म्हणाली, "आधी बाबांच्या पाया पड. मग सीताराम काकांकडे जा."

गजेंद्र वाकला. पोटावरच्या रेकॉर्डरचा कोपरा बरगडीत रुतला. त्याने आणखी वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा वायर ताणली गेली आणि हेल्मेट मागे ओढलं गेलं. तो बापासमोर अर्धवट वाकलेला, तोंड आभाळाकडे, असा थबकला.

गोवर्धनने तीस वर्षं उसाची लॉरी चालवली होती. अडकलेलं यंत्र त्याला कळायला हवं होतं. पण मुलाच्या बाबतीत त्याला ते सुचलं नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिकडं जाऊन कंबर ताठ झाली म्हणायची."

"बाबा, हे पोटाला..."

"पोटाला काय? आमच्या पोटाला पण होतं की. तरी वाकायचो."

सीताराम काका मराठी मंडळाचे अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर. चतुर्थीला ते वेताच्या खुर्चीत, पाय धुऊन, स्वच्छ धोतर नेसून बसत आणि गाव येऊन पाया पडून जाई. त्यांनाही गजेंद्रने तसलाच अर्धा नमस्कार घातला. काकांनी आशीर्वादासाठी उचललेला हात हवेतच ठेवला, आणि मग तोच हात कानामागे नेऊन खाजवला.

ही बातमी गजेंद्रच्या आधी घरी पोचली. ती आणली शेजारच्या कुंतीने.

"देवकी, तुझा पोरगा मोबिलेत फटफटीचं हेल्मेट घालून देवाच्या दारात फिरतोय गं. आणि काकांना नुसतं असं केलं बघ," कुंतीने गुडघ्यात जरासं वाकून दाखवलं. "काका जेवायला बसलेले नाहीत अजून."

देवकीने मोदकाची पारी मिटली. "जा," ती मुलाला म्हणाली. "परत जा, आणि कपाळ टेकून ये."

"आई, मी आत्ताच..."

"अर्धा नमस्कार आणि कच्चा मोदक, कुणाला देत नसतात."

वेळ थोडा होता आणि दुसरा कॅमेरा अजून घालून पाहायचा होता. गजेंद्रने दोन्ही कामं एकत्र करायचं ठरवलं. मामाने ब्रह्मचारी हेल्मेटच्या कपाळावर पट्टीने घट्ट बसवला, बटण दाबलं, लाल दिवा लागल्याची खात्री केली. निघताना गजेंद्र वडिलांच्या पाया पडला, कुंतीच्या पडला, अंगणात भेटलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या पडला. या कॅमेऱ्याने वाकता छान येत होतं. वर यायला मात्र मानेला रडू येत होतं. मग तो आणि मामा उसाच्या कडेकडेने निघाले. अर्धा ऊस तोडून झाला होता, अर्धा वाऱ्यावर सळसळत होता, आणि त्या सळसळीत मामा-भाचे मोकळेपणाने बोलत होते.

काका खुर्चीतच होते. गजेंद्रने या वेळी काही राखून ठेवलं नाही. गुडघे टेकले, कंबर मोडली, कपाळ खाली नेलं. उरलेलं काम ब्रह्मचाऱ्याने स्वतःच्या वजनाने केलं. कॅमेऱ्याचं नाक काकांच्या दोन पावलांमधून सरळ आत गेलं आणि खुर्चीच्या खालच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये जाऊन बसलं.

गजेंद्रने डोकं वर घेतलं. डोकं आलं नाही.

हळूच डावीकडे वळवलं. नाही. उजवीकडे वळवलं, तर पट्टी कुरकुरली. कॅमेरा मामाचा होता आणि मोडला तर क्लबातली जागा गेली. गजेंद्र तसाच पडून राहिला आणि विचार करू लागला.

एक मिनिट झालं. खोलीतली माणसं वळून बघू लागली. दुसरं मिनिट झालं. काकांचा हात गजेंद्रच्या पाठीवर आला.

"ऊठ, मो पिती, ऊठ माझ्या बाळा," काका म्हणाले. "झालं. मी रागावलो नाही."

गजेंद्र उठला नाही.

"ऊठ म्हणतो. असा पश्चात्ताप या गावात कुणी केला नाही रे. माझ्या स्वतःच्या पोरांनी केला नाही." काकांचा आवाज भरून आला. "अरे, एवढं पण काय केलं होतंस तू?"

दारात झाकरी नाचणारी मंडळी आली होती, ढोलकी घेऊन. त्यांनी आतलं दृश्य पाहिलं आणि कुणी न सांगता हलकेच ठेका धरला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चंद्रमोहन एवढा एकच माणूस खुर्चीच्या दांड्यांकडे बघत होता, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी काकांना राहवलं नाही. मुलाला पोटाशी धरायला ते स्वतः उभे राहिले. भार गेल्याबरोबर खुर्ची उचलली गेली, आणि गजेंद्र उभा राहिला तो खुर्ची डोक्यावर घेऊन.

ढोलकी थांबली.

"की एते सा?" काकांनी विचारलं. "हे काय रे कपाळाला?"

"हेल्मेट, काका. मोबिलेतचं."

"मोबिलेतला डोळा कशाला लागतो?"

चंद्रमोहनने खुर्ची सोडवली आणि खरं सांगून टाकलं, म्हणजे त्यातलं निम्मं: हा व्हिडिओ कॅमेरा आहे आणि तो चालू आहे. काकांनी धोतराची निरी सारखी केली. "म्हणजे आत्ताचं सगळं त्यात आलं? मी बोललो ते पण?"

"सगळं."

"मग उद्या मंडळात लाव. नव्या पिढीला दाखवायला पाहिजे, नमस्कार कसा असतो ते."

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं, मंडळी नदीवरून परतली आणि मंडळाच्या टीव्हीसमोर सतरंज्या पडल्या. गजेंद्र टेप पुढे पळवून काकांच्या घरापाशी आणू लागला, तेव्हा काका म्हणाले, "आरती मधनं सुरू करतोस का कधी? पहिल्यापासनं लाव."

पहिल्यापासून लागलं. जमीन दिसली. मग दोन पावलं आली, मोठी, टाचेला भेगा पडलेली.

"गोवर्धन," सगळे एकदम म्हणाले.

जमीन, आभाळ, जमीन. जोडवी, हळदीने पिवळी पडलेली नखं. "कुंती." पुढची दोन पावलं वेगवेगळ्या चपलांतली होती, त्यांच्या मालकाला स्वतःलाच ते तेव्हा कळलं. सतरंजीवर हसू पसरलं. गजेंद्रही हसला. आभाळ टिपायला आणलेल्या कॅमेऱ्याने साऱ्या गावची पावलं गोळा केली होती.

मग उसाचा रस्ता सुरू झाला, आणि गजेंद्रचं हसू विरलं. चित्रात नुसता ऊस डोलत होता. आवाज मात्र खणखणीत होता.

"मामा, आईला कळू देऊ नको हां. तेरा हजार फूट म्हटलं तर तिचा जीव जाईल."

"आणि बापाला?"

"त्यांना तर तीन हजार सुद्धा सांगू नको."

चंद्रमोहन टीव्हीच्या वायरीकडे झेपावला.

"बस खाली, चंद्रमोहन," काका म्हणाले.

तो बसला. पडद्यावर ऊस संपला, काकांची धुतलेली पावलं आली आणि पाठोपाठ अंधार. त्या अंधारात काकांचा गहिवरलेला आवाज विचारत राहिला, "अरे, एवढं पण काय केलं होतंस तू?"

सगळे देवकीकडे बघत होते. गजेंद्र बघत नव्हता. ती आता "नको" म्हणाली, तर कॅमेरा, क्लब, आभाळ, सगळं या सतरंजीवरच संपणार होतं. आईचं "नको" ओलांडून उडी मारणारा तो नव्हता.

"मान दुखतीय का?" देवकीने विचारलं.

"अं?"

"काल रात्री कुशीवर झोपला नाहीस, म्हणून विचारते. कुंतीचा दीर तिकडं तुमच्या क्लबाजवळ, सें प्येरला, पाव भाजतो. दोन वर्षं झाली, त्याने तुला वरनं येताना बघितलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला कुंतीने सांगितलं," काका म्हणाले.

"मी फक्त चौघींना सांगितलेलं," कुंती म्हणाली.

गोवर्धन एकेकाचं तोंड बघत होता. सगळ्या मंडळात त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" गजेंद्रने आईला विचारलं.

"तू लपवत होतास तोवर जपून उडी मारत होतास. आईला सांगून मोकळा झालेला पोरगा बेफाम होतो." ती उठली. "आण ते इकडं. दोन्ही कॅमेरे आण."

देवकी पस्तीस वर्षं गायीसाठी गवताचा भारा डोक्यावरून आणत होती. घरातलं जातं कधीच मोडलं होतं, पण जात्यावरच्या ओव्या तिच्यापाशी राहिल्या होत्या. त्या ती भाऱ्याखाली चालताना म्हणे. ओवी आणि भारा, दोन्ही तिच्या डोक्यावरून कधी सांडले नव्हते.

तिने आधी संसारी बांधला, दोन पावलं चालली आणि काढून ठेवला. "पोटावरचं ओझं बाई नऊ महिने वाहते. ते घेऊन उडी मारायची नसते."

मग तिने ब्रह्मचारी हातात घेतला. "हा घे. पण कपाळाला कुणी बांधला? भारा कपाळावर ठेवतात का? माथ्यावर घे, मधोमध."

चंद्रमोहनने मुकाट्याने पट्टी सोडवली आणि कॅमेरा माथ्यावर बसवला. देवकीने एक जुना पंचा पिळला, त्याची चुंबळ वळली, हेल्मेटच्या आत दाबून बसवली आणि ते डोक्यावर चढवलं. मंडळाच्या दारातून ती बाहेर पडली, आपल्या गोठ्यापर्यंत जाऊन गायीच्या पाठीवर हात फिरवून परत आली. जाता-येता तिच्या ओठांत काही चाललं होतं.

टेप लावली. वाट सरळ पुढे सरकत होती, काठोकाठ भरलेल्या घागरीतलं पाणी हिंदकळू नये तशी. ऊस, दगडाचा बांध, गाय, आणि वरून देवकीचा आवाज:

"पहिली माझी ओवी, उसाच्या गं पानाला,
दर्यापल्याडच्या बाळा, जप तुझ्या मानेला.
दुसरी माझी ओवी, आभाळाच्या वाऱ्याला,
सावकाश उतरव माझ्या गवताच्या भाऱ्याला."

"तेरा हजार," गोवर्धन म्हणाला. "लॉरीच्या टपावर चढला की रडायचा हा."

महिन्याभराने गजेंद्रचं पत्र आलं. परीक्षेला उडीआधी प्रमुखाने टेपमध्ये आधीचं काय आहे ते बघायला मागितलं, आणि गायीपर्यंतची ती वाट तीनदा पाहिली. हे कुणी काढलं, असं विचारलं. आईने, म्हटल्यावर तो म्हणाला, तिला बोलाव. ती येणार नाही, असं सांगितलं. "तर तो म्हणाला, तुझं चित्र ठीक आहे, पण आईच्या दुपटीने हलतं; ते निम्मं करून आण, मग जागा तुझी. आई, काय करू?"

देवकीने उत्तर कुंतीच्या मुलीकडून लिहवून घेतलं. दोनच ओळी होत्या. कुंतीने त्या चौघींना सांगितल्या.

ते उत्तर पोचल्या दिवसापासून रोज संध्याकाळी, गराज सुटल्यावर, सें प्येरच्या धावपट्टीच्या कडेने एक मेकॅनिक पांढरं हेल्मेट घालून, त्यावर गवताचा भारा घेऊन चालताना दिसू लागला. कुंतीच्या दिराने तसं कळवलं. गवत कुणासाठी, ते मात्र त्याला समजलं नाही. त्या धावपट्टीवर गाय नव्हती.